घरच्या शेडात शेतीची अवजारं बनवताना आणि दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं शेड पलूस-कुंडल पट्ट्यात आहे. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला पाहुण्यांची द्राक्षबाग, मध्ये पत्र्याखाली वेल्डिंग मशीन, ऐरण आणि बायकोच्या मते नुसतं भंगार. मी इंजिनिअर नाही. मोडलेलं जोडत जोडत शिकलो, आणि जोडलेलं पुन्हा मोडल्यावर जास्त शिकलो. बांधावर, फोनवर, चहाच्या टपरीवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून काढले.

पहिल्यांदा काय बनवू? मला थेट पॉवर टिलरच बनवायचाय.

आधी सायकल कोळपं बनवा, म्हणजे सायकलच्या चाकावर हातानं ढकलायचं, तण काढायचं औत. हसू नका. त्यात कापणं, वाकवणं, भोक पाडणं, जोडणं आणि धार लावणं, सगळं येतं. चुकलं तर एक जुनं चाक आणि दहा-बारा फूट पाइप एवढंच जातं.

जुन्या सायकलचं पुढचं चाक चिमट्यासकट घ्या. लहान मुलांच्या सायकलचं २० किंवा २२ इंची चाक मिळालं तर हाताळायला हलकं जातं. चिमट्याला दोन पाइप जोडून मागं मुठी करा, आणि चाकाच्या मागं आडवी पट्टी टाकून तिला पास, म्हणजे तण कापणारं आडवं पातं, बसवा. मुठीची उंची ज्यानं कोळपायचं त्याच्या कमरेला हवी, बनवणाऱ्याच्या नव्हे. मी पहिलं कोळपं माझ्या मापानं केलं आणि ते आईनं चालवलं. संध्याकाळी तिचे खांदे भरून आले.

पासेची रुंदी पिकाच्या ओळीवरून ठरते. सोयाबीन ४५ सेंमीवर, म्हणजे दीड फुटावर असेल तर पास १२ इंच ठेवा, दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच मोकळे राहतात. भुईमूग ३० सेंमीवर असेल तर सहा इंचाच्या वर जाऊ नका. पासेचं नाक जमिनीकडं थोडं झुकलेलं असावं. जास्त झुकलं तर रुततं, कमी झुकलं तर तण सोडून वरनंच घसरतं. हा कोन कागदावर काढत बसू नका. पास ज्या पट्टीला लागतो तिला एकाऐवजी चार भोकं पाडा आणि रानात नेऊन कोन ठरवा. काळ्या रानात जो कोन चालतो तो आटपाडी-खानापूरच्या मुरमाड माळावर चालत नाही.

हत्यारं कुठली घ्यावी लागतील?

वेल्डिंग मशीन, चार इंची ग्राइंडर, ड्रिल, बाकडं आणि त्यावर घट्ट बसवलेला व्हाइस. गुण्या आणि टेप चांगल्यातले घ्या, बाकी जुनं चालतं. नव्या माणसाला वाटतं की कौशल्य वेल्डिंगमध्ये आहे. खरं तर अर्धं काम मापात असतं. आधी चारी कोपऱ्यांना नुसते टॅक, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके, मारा आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले की मगच पूर्ण वेल्डिंग करा, तेही एका बाजूनं सलग न करता आलटून पालटून. लोखंड तापलं की ओढतं, आणि ओढलेली चौकट पुन्हा सरळ करणं म्हणजे नवी करण्याइतकंच काम.

ग्राइंडरचं गार्ड काढू नका. "कोपऱ्यात जात नाही" म्हणून मी काढलं होतं. कटिंग व्हील फुटलं आणि तुकडा पत्र्यातून आरपार गेला. पत्र्याचं ते भोक अजून बुजवलेलं नाही, मुद्दामच.

रॉड कुठला वापरू?

साध्या लोखंडाला, म्हणजे अँगल, पट्टी, चौकोनी पाइप यांना ६०१३ नंबरचा रॉड. २.५ मिमी रॉडला साधारण ७० ते ९० अँपिअर आणि ३.१५ मिमीला १०० ते १३० च्या आसपास करंट ठेवा. जिथं दणके बसतात तिथं, म्हणजे नांगराचा सांगाडा किंवा ट्रॉलीची हुक अशा ठिकाणी ७०१८ घ्या. पण तो रॉड दमट असेल तर त्याचा काही उपयोग नाही. पावसाळ्यात पाकीट उघडं ठेवलं असेल तर रॉड आधी तापवून कोरडे करा.

जस्ताचा मुलामा दिलेला पाइप जोडायचा असेल तर मुलामा घासून काढा आणि वारा ज्या बाजूनं येतो तिकडं उभे राहा. त्या पांढऱ्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप भरतो. काच न लावता "एकच टॅक" मारणाऱ्यांसाठी वेगळं सांगत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं की त्यांचं त्यांना कळतं.

जीपच्या कमानीच्या पाट्याचा पास केला. वेल्डिंग एकदम मजबूत, पण त्याच्या शेजारीच तुटला. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. वेल्डिंग चुकलेलं नसतं, धातू वेगळा असतो.

कमानपाट्याच्या पोलादात साध्या लोखंडापेक्षा कार्बन बराच जास्त असतो. वेल्डिंग करताना तेवढीच जागा लालबुंद होते आणि भोवतालचं गार पोलाद ती उष्णता झटक्यात ओढून घेतं. म्हणजे त्या पट्ट्याला नकळत पाणी दिल्यासारखंच, तापवून झटक्यात गार केल्यासारखंच होतं. तिथं पोलाद काचेसारखं कडक होतं आणि पहिला दगड लागला की तडकतं. म्हणून ते वेल्डवर न तुटता वेल्डच्या कडेला तुटतं.

उपाय दोन. पहिला, जोडायचंच असेल तर पाटा आधी अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापवा, कोरडा ७०१८ वापरा आणि काम झालं की तुकडा चुलीच्या गरम राखेत पुरून रात्रभर तसाच ठेवा. दुसरा आणि माझ्या मते बरा उपाय: वेल्डिंग करूच नका, भोक पाडून बोल्टनं बसवा. पाट्याला ड्रिल लागत नाही म्हणून लोक वैतागतात. पाटा लाल करून राखेत गार होऊ द्या, मग ड्रिल लोण्यात गेल्यासारखं जातं.

भोकं झाली की धारेला परत पाणी द्यायचं. लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत धार तापवा, त्याहून थोडीच जास्त, आणि तेलात बुडवा. पाण्यात नको, पाटा चिरतो. नंतर घासून पांढरा करा आणि हळूहळू ऊब द्या. आधी गवतासारखा पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा-निळा. कोयत्याला पिवळ्या-तपकिरीवर थांबतात. दगडात जाणाऱ्या पासेला जांभळ्यापर्यंत जाऊ द्या, धार थोडी लवकर बसेल पण तुकडा उडणार नाही. जुने लोहार हे काम अंधाऱ्या भट्टीत का करायचे, ते तेव्हा कळतं. उन्हात तापलेल्या लोखंडाचा लाल रंग नीट दिसतच नाही.

गावात भाता चालू असेल तर फाळ आणि पास तिथूनच शेवटून, म्हणजे ठोकून धार काढून, आणा. मी अजून आणतो.

बोल्ट की वेल्डिंग?

झिजणारं सगळं बोल्टवर, न झिजणारं वेल्डिंगवर. पास, फण, बेअरिंग, पुली, साखळीचं चाक हे उघडता आलंच पाहिजे. पुतण्यानं एकदा हौसेनं फणसुद्धा वेल्ड केले. पुढच्या हंगामात फण बदलायला अख्खी चौकट कापावी लागली.

पण याच्या पुढची गोष्ट मोठी आहे. अवजार कुठं ना कुठं मोडणारच. ते कुठं मोडायचं हे आपण ठरवायचं. त्यासाठीच शिअर बोल्ट असतो. दगड अडकला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. बोल्टच्या डोक्यावर आकडे असतात. ४.६ असेल तर मऊ, ८.८ असेल तर कडक. तुटायच्या जागी मऊ बोल्टच घालायचा. आपल्याकडं होतं काय, एका दिवसात तीनदा तुटला की चौथ्यांदा माणूस चिडून कडक बोल्ट ठोकतो. मी तर जुन्या इंजिनची पिन घातली होती. बोल्ट नाही तुटला, गिअरचे दात गेले. उसाच्या भरणीचे आठ दिवस रोटाव्हेटर शेडात, आणि मी शेजाऱ्याच्या बांधावर नंबर लावून. तेव्हापासून शिअर बोल्टचा डबा ट्रॅक्टरच्या हुकलाच टांगलेला असतो. तीनदा तुटला तर बोल्टला शिव्या न देता दगड शोधतो.

पुलीचा हिशोब कसा करायचा?

मोटरचे फेरे गुणिले मोटरच्या पुलीचा व्यास, हे यंत्राचे फेरे गुणिले यंत्राच्या पुलीचा व्यास याच्याएवढंच असतं. १४४० फेऱ्यांची मोटर, तिला तीन इंची पुली, यंत्राला बारा इंची, म्हणजे यंत्र मिनिटाला ३६० फेरे घेईल.

हळद पॉलिशचा जाळीचा ड्रम मात्र मिनिटाला ३० च्या आसपासच फिरायला हवा. जास्त फिरला तर हळकुंडं ड्रमच्या अंगाला चिकटून नुसती गोल फिरतात, एकमेकांवर घासत नाहीत. १४४० वरून ३० वर नुसत्या दोन पुल्यांनी यायचं म्हटलं तर मोठी पुली बैलगाडीच्या चाकाहूनही कितीतरी मोठी होईल. म्हणून मध्ये २० ला १ असा गिअरबॉक्स घाला. तिथं ७२ फेरे मिळतात. पुढं १४ दातांवरून ३५ दातांवर साखळी घेतली की २८.८ येतात. ते पुरे.

बेल्ट ए सेक्शनचा असेल तर वरून १३ मिमी रुंद, बी असेल तर १७. बेल्ट खाचेच्या बाजूंना धरतो, तळाला टेकला तर घसरणारच. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सुतळी ताणून बघा. महिन्याला बेल्ट खाणाऱ्या निम्म्या यंत्रांचा दोष या सुतळीनंच सापडतो.

बेअरिंगवरचा नंबर कसा वाचायचा?

शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणा, आतल्या भोकाचं माप मिळतं. ६२०४ म्हणजे २० मिमी, ६२०५ म्हणजे २५. हे ०४ पासून पुढं चालतं. ०० ला १०, ०१ ला १२, ०२ ला १५ आणि ०३ ला १७ मिमी हे पाठच करा. धुळीत चालणाऱ्या अवजाराला रबरी सीलचं बेअरिंग घ्या, म्हणजे नंबराच्या पुढं टू-आरएस लिहिलेलं. पत्र्याच्या झाकणाचं धुळीला तितकं टिकत नाही. बेअरिंग बसवताना आतल्या कड्यावर दाब द्यायचा असेल तर बाहेरच्या कड्यावर हातोडी मारू नका. पाइपचा योग्य मापाचा तुकडा ठेवून मारा.

आणि वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा कामाच्या जवळच लावा. चिमटा एका टोकाला आणि वेल्डिंग दुसऱ्या टोकाला असलं तर करंट मधल्या बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांना खड्डे पाडतो. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या वायरी सोडा.

गंजलेला बोल्ट निघत नाही.

डिझेल सोडा, रात्रभर ठेवा. सकाळी आधी सोडवायला न जाता किंचित आवळा, मग सोडवा. नाहीच निघाला तर नट तापवा, बोल्ट नको. तेवढ्यानंही नाही निघाला तर छन्नीनं नट फोडा. नटापेक्षा दिवस महाग असतो.

बीडाच्या ओतीव भागाला तडा गेलाय. जोडता येतो?

येतो, पण साध्या रॉडनं नाही. निकेलचा रॉड, आधी सगळा भाग तापवणं, इंच-इंच वेल्ड, प्रत्येक इंचानंतर हातोडीनं हलकं ठोकणं आणि शेवटी राखेत गार करणं. तड्याच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडा, नाहीतर तडा वेल्डच्या पुढं पळतो. लहान भाग असेल तर मी कोल्हापूरच्या शिरोलीला ओतकामाला टाकतो. तेवढी खटपट परवडत नाही.

मोटारसायकलच्या इंजिनवर टिलर होईल का?

होतो, अनेकांनी केलाय. गुजरातेत अमरेली भागातला बुलेटवरचा तीनचाकी सांती (औत) तर प्रसिद्धच आहे. पण बहुतेकांची इंजिनं पहिल्याच उन्हाळ्यात जॅम होतात, कारण साधं आहे. मोटारसायकलचं इंजिन रस्त्यावरच्या वाऱ्यानं गार होतं. रानात तुम्ही माणसाच्या चालीनं जाता आणि इंजिन मात्र पूर्ण जोर लावत असतं. वारा येणार कुठून? त्यामुळं स्वतःचा पंखा असलेलं, स्कूटर किंवा रिक्षाचं इंजिन बघा, नाहीतर वेगळा पंखा आणि पत्र्याची वाट करून हवा थेट फिन्सवर सोडा.

दुसरं, चाकांमधलं अंतर तुमच्या सरीवर बसतंय का ते आधी मोजा. साडेचार फुटी सरीतलं यंत्र पाच फुटी पट्ट्यात चालेल, उलटं नाही. आमच्या गल्लीत एक सुंदर टिलर उभा आहे, रंगवलेला, नाव लिहिलेला. तो फक्त मालकाच्या अंगणात मावतो.

असलं यंत्र रस्त्यावरनं नेलं तर चालेल?

नाही. घरी बनवलेल्या वाहनाची नोंदणी होत नाही, विमा नाही, अपघात झाला तर सगळं तुमच्या अंगावर. आपल्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्याचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या लोहारकाम करणाऱ्या एका गृहस्थानं भंगारातून किक मारून सुरू होणारी जीपसारखी गाडी बनवली. २०२१ च्या डिसेंबरात तिची चर्चा देशभर झाली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नाही हेही सांगितलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो दिली. प्रत्येकाला बोलेरो मिळत नाही. ट्रॉलीत घालून न्या.

लोखंडी औतानं रान बिघडतं असं आजोबा म्हणायचे. खरंय का?

हा वाद आपल्या मातीतलाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमिनीत विष उतरतं असं म्हणून शेतकरी तो घेईनात. त्याआधी बेळगावात त्यांचं सायकलचं दुकान होतं. पुढं औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळ माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, आमच्या शेडापासून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर.

विष बिष काही नाही. पण आजोबांच्या बोलण्यात वजनाचा मुद्दा खरा असतो. बाभळीच्या दिंडीचा कुळव हलका असतो. तोच आपण जाड अँगलात बनवतो आणि वाफसा यायच्या आत रानात घालतो. मग रान दाबलं जातं. जिथं ५ मिमी अँगल पुरतो तिथं ८ मिमी वापरू नका.

पीटीओ, कडबाकुट्टी आणि डिझेल टाकीबद्दल काय सांगाल?

पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा अवजार फिरवणारा शाफ्ट, मिनिटाला ५४० वर फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. टॉवेलाचं टोक, पदर किंवा ओढणी अडकली तर "बंद कर" म्हणेपर्यंत सगळं संपलेलं असतं. शाफ्टवरचं प्लास्टिकचं गार्ड अडगळ नाही. मोडलं तर पाइप उभा कापून निदान तात्पुरतं झाकण करा आणि नवं मागवा.

कुट्टीचं वैरण घालायचं नळकांडं इतकं लांब करा की हात पात्यापर्यंत पोचूच नये. तीन फूट तरी हवं, आणि पात्याकडचा अर्धा भाग वरून झाकलेला. जागा वाचवायला नळकांडं आखूड करून मागणारे येतात. त्यांना मी परत पाठवतो. मळणीयंत्रासाठी १९८३ पासून स्वतंत्र कायदाच आहे. किती हात गेले असतील तेव्हा तो आला असेल, विचार करा.

डिझेल-पेट्रोलची टाकी किंवा औषधाचा ड्रम "रिकामा आहे, धुतलाय" म्हणून कुणी आणला तरी मी वेल्ड करत नाही. द्रव गेला तरी वाफ राहते आणि स्फोट वाफेचाच होतो. बारीक गळतीला एम-सील लावा, मोठी असेल तर टाकी बदला.

हळद शिजवायचा कुकर घरी बनवू का?

वाफ मोकळी सुटणारा, झाकण नुसतं ठेवलेला असेल तर ठीक. झाकण बोल्टनं आवळून दाब धरणारा असेल तर नको. पत्र्याच्या ड्रमला वेल्डिंग करून त्यात दाब धरणं म्हणजे अंगणात बॉम्ब ठेवणं. सुरक्षा झडप बसवली असली तरी ती पाण्यातल्या क्षाराच्या थरानं कधी अडकेल सांगता येत नाही. बंद वाफेचा कुकर तयार, तपासलेलाच घ्या, किंवा गावातल्या भाड्याच्या कुकरचा नंबर लावा.

घरी बनवलेल्या अवजाराला अनुदान मिळतं का?

नाही. कृषी यांत्रिकीकरणाचं अनुदान तपासणी झालेल्या यंत्रांना असतं, आणि अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा असतो. ट्रॅक्टर किंवा रोटाव्हेटरसाठी तिकडं जा. कोळपं, बेणं कापायचं यंत्र, पाचट ओढायची दाताळी, यांना अनुदानाची वाट बघण्यात हंगाम जाईल.

हंगाम संपल्यावर अवजारं कशी ठेवायची?

माती खरवडा, पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा, जळकं तेल पास आणि फणांना फासा. साखळी काढून डिझेलमध्ये धुवा आणि तेलात ठेवा. फवारणी पंपातलं पाणी पूर्ण काढा, वायसर वाळले की पुढच्या वेळी दाब धरत नाहीत. स्प्रिंगा सैल करून ठेवा. आम्ही हे सगळं बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी करतो. बैल आता एकच जोडी उरली, पण त्या दिवशी औतं धुवायची सवय राहिली आहे.

तुम्ही बनवून द्याल का?

विकायला नाही बनवत. मापं घ्यायला या, कोळपं हातात धरून बघा, वाटलं तर माझ्याच मशीनवर पहिला टॅक मारा. येताना तेवढा टेप घेऊन या. आमचा मागच्या बेंदराला कुणीतरी "आत्ता आणून देतो" म्हणून नेलाय.